केप टाउनची ग्रूट कॉन्स्टॅन्शिया वाईन इस्टेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केप टाउनमध्ये राहत असल्यामुळे मला दर हंगामात हे प्रश्न येतात. कधी दिंडोरी-निफाडकडचे बागायतदार विचारतात, कधी मुलीकडे महिनाभर राहायला आलेले पुण्याचे काका-काकू. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषयच तसे आहेत.

ही इस्टेट कुठे आहे आणि किती जुनी आहे?

केप टाउनच्या मध्यवस्तीतून गाडीने साधारण अर्ध्या तासावर, टेबल माउंटनच्या दक्षिणेला, कॉन्स्टॅन्शियाबर्ग डोंगराच्या उतारावर. दक्षिण आफ्रिकेतली ही सर्वांत जुनी वाईन इस्टेट. १६८५ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा इथला प्रमुख सायमन फान देर स्टेल याला ८९१ मॉर्गेन, म्हणजे साडेसातशे हेक्टरांहून थोडी जास्त जमीन मिळाली, तिथून इस्टेटीची सुरुवात. आपल्याकडे तेव्हा संभाजी महाराज गादीवर होते.

केपमधली, म्हणजे केप टाउनभोवतीच्या या प्रदेशातली, पहिली वाईन मात्र याच्याही आधीची. कंपनीचा पहिला अधिकारी यान फान रीबेक याने २ फेब्रुवारी १६५९ रोजी आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली आहे.

फान देर स्टेलची आजी गोव्याची होती, हे खरं का?

त्याच्या आईची आई भारतीय होती, एवढं पक्कं. मोनिका हे तिचं नाव. ती गुलाम होती आणि पुढे मुक्त झाली. नोंदींत ती ‘मोनिका दा कोस्टा’ म्हणून येते, तर काही ठिकाणी ‘गोव्याच्या किनाऱ्यावरची मोनिका’ असा उल्लेख आहे. तिची मुलगी मारिया लीव्हेन्स ही सायमनची आई. सायमनचा जन्म १६३९ मध्ये मॉरिशसजवळ, भर समुद्रात, जहाजावर झाला.

स्टेलनबॉश आणि सायमन्स टाउन या दोन्ही गावांची नावं त्याच्यावरूनच पडली आहेत. माणसांची वंशावरून वर्गवारी करणारा कायदा दक्षिण आफ्रिकेत १९५० मध्ये आला. त्याच्या मोजपट्टीत हा संस्थापक स्वतः ‘गोरा’ ठरला असता का, याची मला दाट शंका आहे. इस्टेटीवर फिरताना ही गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगते.

मग ही बाग प्रत्यक्षात लावली कोणी?

गुलामांनी. हे उत्तर आडपडदा न ठेवता द्यायला हवं.

डोंगरउतारावरची झाडी तोडणं, वेली लावणं, भिंती उभारणं, द्राक्षं तुडवणं, पिंपं वाहणं ही सगळी कामं त्यांच्या हातची. कंपनीच्या आणि नंतर ब्रिटिशांच्या काळात मिळून केपमध्ये सुमारे ६३ हजार माणसं गुलाम म्हणून आणली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली जवळपास पाव माणसं भारतीय उपखंडातली होती: बंगाल, मलबार, कोरोमंडल. बाकीची इंडोनेशियाची बेटं, मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून आलेली. त्यांची मूळ नावं कागदावर उतरलीच नाहीत. ‘अमुक फान बेंगालन’, ‘तमुक फान मलबार’ अशी गावावरून ओळख लिहिली जाई, किंवा सरळ महिन्याचं नाव चिकटवलं जाई. आज केप टाउनची टेलिफोनची यादी चाळलीत तर फेब्रुवारी, एप्रिल, सप्टेंबर अशी आडनावं भेटतात. त्यांतल्या अनेक घराण्यांची मुळं तिथेच आहेत.

१ डिसेंबर १८३४ ला गुलामगिरी कायद्याने संपली, पण ‘उमेदवारी’च्या नावाखाली पुढची चार वर्षं माणसं त्याच मालकांकडे अडकून राहिली. इस्टेटीवर याची माहिती मांडलेली आहे. शहरातलं ‘स्लेव्ह लॉज’ संग्रहालयही जोडीने बघा. मी तर म्हणेन ते आधी बघा आणि मग बागेत या. पांढऱ्या भिंती आणि ओकची झाडं तेव्हा वेगळी दिसतात.

नेपोलियन इथली वाईन प्यायचा, ही जाहिरात आहे की इतिहास?

इतिहास आहे. सेंट हेलेना बेटावर कैदेत असताना (१८१५ ते १८२१) त्याच्यासाठी कॉन्स्टॅन्शियाची गोड वाईन जात असे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातल्या राजघराण्यांत या वाईनला फार मोठी मागणी होती. हे यश क्लूटं घराण्याचं. फान देर स्टेल १७१२ मध्ये वारल्यावर जमिनीचे तुकडे झाले. १७७८ मध्ये हेन्ड्रिक क्लूटं याने ग्रूट कॉन्स्टॅन्शिया विकत घेतली आणि बाग पुन्हा उभी केली.

सांगली-तासगावच्या मंडळींना ती वाईन कशी बनायची हे पटकन कळेल. मस्कट जातीची द्राक्षं वेलीवरच ठेवायची, मणी सुरकुतून बेदाण्याकडे झुकेपर्यंत. रस कमी निघतो, पण गोडी आणि वास दोन्ही दाट होतात.

पुढे १८६० च्या सुमारास ब्रिटनने फ्रेंच वाईनवरचं शुल्क उतरवलं आणि केपच्या मालाचा बाजार बसला. त्याच सुमारास वेलींवर भुरी हा बुरशीचा रोग आला. १८८६ मध्ये मुळं खाणारा फायलोक्झेरा हा कीटक केपमध्ये सापडला. त्याच्या एक वर्ष आधी, १८८५ मध्येच, कर्जात बुडालेली इस्टेट सरकारने विकत घेतली होती. ती गोड वाईन शंभर वर्षं जवळपास विस्मृतीत गेली. शेजारच्या क्लाइन कॉन्स्टॅन्शियाने १९८६ च्या हंगामापासून ‘व्हॅन द कॉन्स्टॉन्स’ नावाने ती परत आणली. ग्रूट कॉन्स्टॅन्शियाने २००३ पासून ‘ग्रँड कॉन्स्टन्स’.

आता मालक कोण?

१९९३ पासून एक सार्वजनिक विश्वस्त संस्था. नफा कुणाच्या खिशात जात नाही, वास्तू आणि बाग सांभाळण्यावर खर्च होतो. वाड्यातलं संग्रहालय ‘इझिको’ या संग्रहालय संस्थेकडे आहे.

वाडा मूळचा आहे का?

अंशतः. १९२५ च्या डिसेंबरमध्ये आग लागून तो जळाला. भिंती उरल्या. नंतर तो जुन्या स्वरूपात पुन्हा बांधला.

वाड्यापेक्षा जास्त वेळ मागच्या तळघरासमोर, म्हणजे वाईनच्या जुन्या कोठारासमोर, काढा, असा माझा आग्रह असतो. १७९१ ची ही इमारत आहे आणि तिच्या दर्शनी माथ्यावर आन्टोन आन्राइट या जर्मन मूर्तिकाराचं चुन्यातलं शिल्प आहे. मधोमध देवांचे प्याले भरणारा गॅनिमीड आणि त्याचा गरुड, भोवती गुबगुबीत उघडी पोरं, द्राक्षांचे घड. दुपारी ऊन तिरपं झालं की त्या पोरांच्या पोटांच्या, गुडघ्यांच्या सावल्या उठून येतात. सव्वादोनशेहून जास्त वर्षं समुद्राचा वारा खाऊनही चुना टिकून आहे. पर्यटक बहुधा त्याखाली उभे राहून फोटो काढतात आणि मान वर न करता आत जातात, याचं मला वाईट वाटतं.

नाशिकच्या बागेत आणि इथल्या बागेत फरक काय?

बागायतदारांचा हा हक्काचा प्रश्न, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गंमत हंगामाची. दक्षिण गोलार्ध म्हणजे सगळं उलटं असेल असं आपण धरून चालतो. पण वाईनच्या द्राक्षांची काढणी दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी चालते. इथे जानेवारीच्या अखेरीपासून मार्च-एप्रिलपर्यंत, नाशकात जानेवारी ते मार्च. इथे तो उन्हाळ्याचा शेवट असतो. आपल्याकडे पावसाळ्यात माल टिकणार नाही म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून आपण पीक हिवाळ्यावर नेतो. वर्षात दोन छाटण्या, पीक एक. इथे एकच छाटणी, तीही जुलै-ऑगस्टच्या थंडीत, जेव्हा वेली पानं गाळून झोपलेल्या असतात. नुसत्या काड्यांची ती बाग पाहून नाशिकच्या माणसाला आधी धक्काच बसतो, बाग वाळली की काय म्हणून.

दुसरा फरक पावसाचा. कॉन्स्टॅन्शियात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो मुख्यतः हिवाळ्यात, मे ते ऑगस्टमध्ये. मणी पिकायच्या वेळी आभाळ कोरडं. अवकाळी आणि गारपिटीच्या धास्तीने रात्र रात्र जागणाऱ्या आपल्या माणसांना हे ऐकून हेवा वाटतो, आणि तो रास्त आहे. फवारण्याही त्यामुळे कमी लागतात.

इथली खरी कसोटी वाऱ्याची. उन्हाळ्यात आग्नेयेकडून वारा सुटतो, त्याला लोक ‘केप डॉक्टर’ म्हणतात. फॉल्स बे या उपसागरावरून तो थेट या उतारावर येतो. पानं कोरडी ठेवतो, रोग आवरतो, बाग गार ठेवतो, त्यामुळे इथल्या सॉव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या वाईनला तो करकरीत आंबटपणा राहतो. पण जोर धरला की कोवळे फुटवे मोडून टाकतो.

आणि एक साम्य: दोन्हीकडे वेली कलमाच्या. आपण पाण्याचा ताण आणि खारपट जमीन सोसणाऱ्या डॉगरिज या खुंटावर कलम करतो. इथे फायलोक्झेरापासून वाचण्यासाठी अमेरिकन खुंट आले ते आजतागायत आहेत. शेनिन ब्लाँ ही दक्षिण आफ्रिकेत सर्वाधिक लागवडीची जात आहे आणि नाशकातही ती चांगली रुळली आहे. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून चाखण्याची संधी मिळाली तर सोडू नका.

काढणी बघायला मिळते का?

फेब्रुवारीत आलात तर शक्यता चांगली. पण पहाटे यावं लागेल. ऊन चढण्याआधी द्राक्षं तळघरात पोचवायची असतात, कारण गरम रसाचा वास उडतो. हाताने काढणी असते तिथे बायका-पुरुषांची रांग ओळीच्या दोन्ही बाजूंनी सरकते. डाव्या हातात घड धरायचा, उजव्या हातातल्या छोट्या वाकड्या कात्रीने देठ कापायचा, कुजका मणी दिसला की तिथेच झटकून टाकायचा, घड क्रेटमध्ये. क्रेट भरला की खांद्यावर घेऊन ट्रॅक्टरकडे पळायचं. आवाज फक्त कात्र्यांचा आणि आफ्रिकान्स भाषेतल्या चेष्टामस्करीचा. वाटेत उभं राहू नका, फोटो काढायचा तर आधी विचारा.

मजुरांना मिळतं काय?

कायद्याने ठरलेलं किमान वेतन मार्च २०२५ मध्ये ताशी २८.७९ रँड होतं. आठ तासांचे सुमारे २३० रँड. रँड पाच रुपयांच्या आसपास धरला तर दिवसाचे साडेअकराशेच्या आसपास रुपये. नाशिकच्या मजुरीशी तुलना करून हे बरंच वाटेल. पण इथली भाडी, भाजीपाला, शाळेचा प्रवास यांच्या किमती लक्षात घेतल्या तर महिन्याची तोंडमिळवणी अवघडच जाते. शिवाय हंगामी मजुराला हे पैसे वर्षातले काहीच महिने मिळतात.

इथवर पोचायलाही संघर्ष करावा लागला. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये हेक्स नदीच्या खोऱ्यातल्या डी डोर्न्स गावात द्राक्षमजुरांनी काम थांबवलं. ते खाण्याच्या द्राक्षांचं गाव, म्हणजे युरोपच्या बाजारात आपल्या नाशिकच्या निर्यातदारांचं स्पर्धक. तेव्हा दिवसाची किमान मजुरी ६९ रँड होती. मजुरांनी १५० मागितले. संप वेस्टर्न केप प्रांतभर पसरला, रस्ते अडले, माणसं दगावली. मार्च २०१३ पासून सरकारने १०५ रँड लागू केले.

घराचा प्रश्न मजुरीहून नाजूक आहे. कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या जमिनीवरच्या घरांत राहतात. १९९७ च्या कायद्याने त्यांना सहजासहजी बाहेर काढता येत नाही, तरी न्यायालयात तंटे चालूच असतात. चांगल्या कामाची परिस्थिती तपासून प्रमाणपत्र देणारी ‘विएटा’ ही संस्था २००२ पासून काम करते. बाटलीवर तिचा शिक्का शोधा. मी घेताना बघते.

मजुरीऐवजी वाईन देत असत, हे खरं?

हो. ‘डॉप’ पद्धत म्हणतात तिला. पगाराचा एक भाग म्हणून दिवसातून अनेकदा पेला भरून स्वस्त वाईन दिली जाई. माणूस कामाला आणि मालकाला दोन्हीकडून बांधला जाई. कायद्याने बंदी आल्यावरही अनेक शेतांवर ती १९९० च्या दशकापर्यंत चालली. तिचे परिणाम अजून संपलेले नाहीत. गरोदरपणात आईच्या दारूमुळे बाळावर होणाऱ्या आजाराचं प्रमाण वेस्टर्न केपच्या काही भागांत जगात सर्वाधिक नोंदलेल्यांपैकी आहे. वाईनबद्दल प्रेमाने लिहिणाऱ्या प्रत्येकाने हेही लिहिलं पाहिजे, असं मी मानते.

गेल्या काही वर्षांत इथे काय काय घडलं?

एकामागून एक संकटंच. मार्च २०१५ मध्ये म्यूझेनबर्गकडून पसरलेला वणवा कॉन्स्टॅन्शियाच्या डोंगरावर पोचला आणि खोऱ्यातल्या काही बागांच्या कडेच्या ओळी होरपळल्या. धुराचा वास द्राक्षाच्या सालीत शिरतो आणि वाईनमधून जात नाही, म्हणून आगीपेक्षाही धुराची धास्ती जास्त. २०१५ ते २०१८ दुष्काळ पडला. २०१८ च्या सुरुवातीला केप टाउनचे नळ बंद होण्याची तारीख मोजली जात होती.

मग कोविड. दक्षिण आफ्रिकेने २०२० आणि २०२१ मध्ये देशातली दारूविक्री चार वेळा पूर्ण थांबवली, सुरुवातीला काही आठवडे निर्यातही. टाक्या मागच्या वर्षीच्या वाईनने भरलेल्या आणि नवा हंगाम दारात, अशी कोंडी झाली. छोटे उत्पादक त्यात मोडले. त्यातून सावरतात तोवर भारनियमन आलं. २०२३ मध्ये ते सर्वांत वाईट होतं. रस आंबत असताना टाकी थंड ठेवावी लागते, वीज गेली की तापमान चढतं. ज्यांना जमलं त्यांनी डिझेल जनरेटर आणि मग छतावर सौर पॅनेल घेतली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेच्या मालावर ३० टक्के शुल्क लावलं. शिवाय केप टाउन बंदरात वारा सुटला की क्रेन थांबतात आणि कंटेनर दिवसेंदिवस पडून राहतात. या सगळ्यात देशातलं वाईनद्राक्षांचं क्षेत्र घटत घटत ९० हजार हेक्टरांच्या खाली आलं आहे. जुन्या बागा काढून लोक संत्री-लिंबं लावतात. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा?

बबून माकडांचा त्रास होतो का?

खूप. गोडी भरायला लागली की डोंगरातले कळप उतरतात. एक कळप सकाळभरात ओळीच्या ओळी फस्त करतो, खातो त्याहून जास्त नासतो. विजेची कुंपणं, राखणदार हे उपाय चालू असतात. २०१८ मध्ये खोऱ्यातल्या काही बागांना बबून मारण्याचे परवाने दिल्याचं उघड झालं आणि शहरात मोठा गदारोळ उठला. डोंगर त्यांचाही आहे, तेव्हा कुंपण आणि राखण यांवरच खर्च वाढवावा असं माझं मत आहे.

बदकांची परेड इथेच असते ना?

नाही, ती स्टेलनबॉशजवळच्या फेरखेनूख्ट इस्टेटवर. इंडियन रनर जातीची बदकं रोज थव्याने बागेत सोडतात, ती गोगलगायी खातात. मुलं बरोबर असतील तर जरूर जा.

आम्ही वाईन घेत नाही. तरी यावं का?

यावं. वाडा, तळघर, ओकच्या रांगेतून वरच्या जुन्या जलकुंडापर्यंतची चाल, तिथून दिसणारा समुद्र, यात अर्धा दिवस छान जातो. द्राक्षाचा ताजा रस मिळतो. जेवणात केप मलय पद्धतीचे पदार्थ बघा: रोटी, समोसा, अत्सार नावाचं लोणचं. गुलाम म्हणून आलेल्यांच्या स्वयंपाकघरांतून हे पदार्थ केपमध्ये रुजले. करी थोडी गोडसर लागेल. शाकाहारी पदार्थ मिळतात, पण मागवताना ‘मासे आणि चिकनही नको’ हे स्पष्ट सांगा.

कट्टर शाकाहारी असून वाईन घेणाऱ्यांसाठी: रस नितळ करायला कधी अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. बाटलीवर ‘व्हीगन’ लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला.

चाखायला गेल्यावर काय करायचं?

प्रत्येक पेल्यात घोट-दोन घोट ओततात. सगळं पिण्याची सक्ती नाही. समोरच्या भांड्यात ओतून दिलं तर कोणी नाक मुरडत नाही, जाणकार तर थुंकूनच टाकतात. गाडी चालवणाऱ्याने चाखू नये. त्याऐवजी शहरातून सुटणारी लाल पर्यटन बस घ्या.

कोणती बाटली घेऊ?

इथली सॉव्हिन्यो ब्लाँ. लाल हवी असेल तर पिनोटाज, जी १९२५ मध्ये प्राध्यापक आब्राहाम पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सँसो यांच्या संकरातून तयार केली, खास इथली जात. गोड आवडत असेल तर ग्रँड कॉन्स्टन्स, महाग आहे तरीही.

भारतात किती बाटल्या नेता येतात?

प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत शुल्क नाही. नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणून दोन बाटल्या बसतात आणि अर्धा लिटर उरतो. क्लाइन कॉन्स्टॅन्शियाची गोड वाईन ५०० मिलिलिटरच्या बाटलीत येते, ती बरोबर त्यात मावते. त्यापुढे जाऊ नका. वाईनवर भारताचं आयातशुल्क दीडशे टक्के आहे. ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये करार होऊन तिथल्या महागड्या वाईनवर ते उतरलं, दक्षिण आफ्रिकेशी तसा करार नाही. बाटल्या मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवा. हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली विमानतळावरच काढून घेतात.